स्वतंत्र गीतकार-संगीतकारांनी रॉयल्टी कशी मिळवावी

गाणे प्रसिद्ध करण्याआधी, शक्यतो ध्वनिमुद्रणाच्याच दिवशी, गीतकार, संगीतकार आणि निर्माता यांचा वाटा किती टक्के हे कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. मैत्रीत हिशेब कशाला, असे म्हणणाऱ्यांचेच पुढे बिनसते. एका गाण्यात हक्क दोन असतात: शब्द-चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. ध्वनिमुद्रणाचे पैसे स्पॉटिफायसारख्या सेवांकडून, गाणे त्यांच्यापर्यंत पोहोचवणाऱ्या वितरकामार्फत येतात, आणि त्यासाठी लागणारा आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा स्वतंत्र ओळखक्रमांक) बहुतेक वितरकच देतात. शब्द-चालीची रॉयल्टी मात्र १९६९ साली स्थापन झालेली आयपीआरएस ही संस्था गोळा करते. तिचे सभासद होऊन प्रत्येक गाण्याची नोंद करावी आणि नावाचे स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवावे.

करारात ‘सर्व हक्क कायमचे’ असे शब्द दिसले, तर सही करण्याआधी वकिलाला दाखवावे. २०१२च्या कायदादुरुस्तीनुसार, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता, चित्रपटगीताच्या इतर वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा समान वाटा कायदेशीर वारस किंवा कॉपीराइट सोसायटी (आयपीआरएससारखी संस्था) यांच्याखेरीज कोणालाही लिहून देता येत नाही. यूट्यूबच्या जाहिरातींसाठी साधारणपणे १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिले जाणे आवश्यक असते, तेव्हा पहिल्या अल्बमचा खर्च त्या भरवशावर काढू नये.