साप-विंचवाच्या जनजागृतीचं काम करायचंय? सहा वर्षांत जे कळलं ते सांगते

दर मार्च-एप्रिलला एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर कोर्सच्या) दुसऱ्या वर्षाची मुलं फोन करतात, ताई तुमच्या फील्डमध्ये यायचंय, कुठला कोर्स करू, पगार किती मिळतो, गावात राहावं लागतं का. प्रत्येकाला वेगवेगळं सांगून दमले म्हणून एकदाच लिहून टाकते. मी रायगड जिल्ह्यातल्या एका डोंगराळ तालुक्यात काम करते, एका छोट्या संस्थेत, विषय सर्पदंश आणि विंचूदंश. सहा वर्षं झाली. त्याआधी मला साप म्हणजे नाग आणि बाकीचे एवढंच माहीत होतं, त्यामुळे आपल्याला काही येत नाही म्हणून घाबरू नका.

पहिला कार्यक्रम सांगते, कारण त्यातच सगळं आलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत सर्पदंश जनजागृती, बॅनरवर पाच लोगो. आमची संस्था, आरोग्य विभाग, वन विभाग, एक कंपनी जिचे सीएसआरचे म्हणजे सामाजिक कामासाठीचे पैसे होते आणि तालुक्यातला सर्पमित्रांचा ग्रुप. कोणाचा लोगो आधी, कोणाचा नंतर यावरून चार दिवस फोनाफोनी, बॅनर दोनदा छापला, खर्च कोणी करायचा यावरून परत रुसवेफुगवे. कार्यक्रमाच्या दिवशी पाहुणे दीड तास उशिरा, पोरं उन्हात, मग हार-नारळ, मग भाषणं. सर्पमित्राने सांगितलं साप चावला की वरच्या बाजूला दोरी बांधा, आणि त्यानंतर तासाभराने डॉक्टर आले ते म्हणाले अजिबात बांधू नका. दोघंही एकाच माईकवर बोलले आणि आम्ही कोणीच मधे काही बोललो नाही, टाळ्या वाजवल्या, फोटो काढला. सगळं आवरत होते तर नातवाला न्यायला आलेली एक आजी जवळ आली आणि म्हणाली, "बाय, मंग दोरी बांधाची का नाय?"

तेव्हा मी नवीनच होते, काहीतरी हसून वेळ मारून नेली. रात्री झोप लागली नाही खरं सांगायचं तर. पाच संस्था एकत्र आल्या आणि त्या बाईला आधी जेवढं माहीत होतं त्यापेक्षा जास्त गोंधळात टाकून परत पाठवली.

तर नवीन येणाऱ्यांना माझं पहिलं म्हणणं हेच, की कुठल्याही गावात जायच्या आधी सगळ्या संस्थांना एका टेबलवर बसवा आणि निरोप एकच ठरवा. ऐकायला सोपं वाटतं. आम्ही पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) ओपीडीतल्या बाकांवर बसलो होतो दुपारी, एमओ म्हणजे तिथले वैद्यकीय अधिकारी, गावोगावच्या आशा सेविकांचं काम बघणारी गटप्रवर्तक, वनरक्षक, दोन सर्पमित्र, शाळांचे केंद्रप्रमुख सर आणि मी, आणि नऊ वाक्यं ठरवायला तीन तास गेले. दोरीवरच पाऊण तास. सर्पमित्र ऐकेना, त्याच्या गुरूने त्याला तसंच शिकवलेलं. शेवटी डॉक्टरांनी त्याला शांतपणे सांगितलं की घट्ट बांधलं की खालचा रक्तपुरवठा तुटतो, घोणस किंवा फुरसं असेल तर तिथला मांसाचा भाग आधीच खराब व्हायला लागलेला असतो तो आणखी सडतो, आणि दोरी एकदम सोडली की साठलेलं विष एका दमात वर जाऊ शकतं. त्याला ते पटलं. म्हणजे डॉक्टरचा हुकूम म्हणून ऐकलं नाही, कारण कळलं म्हणून ऐकलं, आणि आज तोच पोरगा गावोगाव दोरी बांधू नका सांगत फिरतो.

नऊ वाक्यांत काय होतं ते थोडक्यात. माणसाला धीर द्या, चालवू नका. हात-पाय मोडल्यावर फळी लावून स्थिर ठेवतो तसा चावलेला हात-पाय ठेवा. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा कारण सूज येते. कापू नका, चोखू नका, बांधू नका. साप मारायला किंवा पकडून आणायला थांबू नका. चावल्याची वेळ लिहून ठेवा. 108 ला फोन करा, आणि गाडीला वेळ लागणार असेल तर गावातली गाडी काढा. शेवटची दोन वाक्यं प्रत्येक गावाला वेगळी होती: कुठल्या दवाखान्यात जायचं, आणि रात्री गाडी कोण काढणार.

ही शेवटची दोन कुठल्याच सरकारी पोस्टरवर नसतात. पोस्टरवर असतं "त्वरित रुग्णालयात जा". कुठल्या? आमच्या तालुक्यात काही गावांना पीएचसी जवळ पण तिथे अँटीव्हेनमच्या (सापाच्या विषावरच्या औषधाच्या) बाटल्या मोजक्या, आणि ग्रामीण रुग्णालय लांब पण तिथे साठा जास्त आणि रात्री डॉक्टर हमखास. एका गंभीर पेशंटला सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या लागतात, हे मला पण काम सुरू केल्यावर कळलं. म्हणून एमओंशी बोलून प्रत्येक गावाचं ठिकाण ठरवलं, साठ्याची चौकशी दर महिन्याला गटप्रवर्तक करते. गाडीचं काम पोलीस पाटलाकडे दिलं. त्याच्याकडे सगळ्यांचे नंबर असतात आणि रात्री अडीचला फोन केला तर लोक त्याचा उचलतात, माझा नसते उचलत.

आता दवाखान्यातली भानगड, जी मला कोणत्याच वर्गात शिकवली नव्हती. साप चावलेला माणूस आणला की डॉक्टर कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेतात आणि वीस मिनिटं न हलवता ठेवतात, गोठलं नाही तर घोणस-फुरशाच्या विषाचा असर आहे हे कळतं. नातेवाइकांना वाटतं माणूस मरतोय आणि हे नळीकडे बघत बसलेत. एकदा यावरून हाणामारीपर्यंत गेलं होतं. तसंच लहान पोराला अँटीव्हेनमचे मोठ्या माणसाइतकेच डोस का देताय म्हणून भांडण, कारण बाकी सगळी औषधं वजनावर असतात. हे औषध विषाला मारायचं असतं, आणि सापाने पोराला कमी विष टोचलेलं नसतं. लक्षणं नसली तरी चोवीस तास ठेवून घेतात त्यावर पण वाद, घरी गुरं आहेत सोडा आम्हाला. हे सगळं आधी गावात सांगून ठेवलं की दवाखान्यात डॉक्टरला काम करता येतं. आमच्या एमओ मॅडमनी ही मागणी स्वतःहून केली, आणि मला वाटतं आमच्या अख्ख्या प्रोजेक्टमधला सगळ्यात उपयोगी भाग हाच निघाला. दवाखान्याला तुमच्याकडून काय हवंय हे विचारा. आपण नेहमी उलटं करतो, आम्हाला एक तास द्या, एक डॉक्टर पाठवा.

कोकणात काम करणार असाल तर विंचू विसरू नका. लाल विंचवाने पूर्वी इथे खूप माणसं गेलीत. महाड भागात डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं आणि चित्र बदललं, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. औषध गोळीच्या रूपात आहे, स्वस्त आहे, पण दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं ही लक्षणं दिसताच पेशंट दवाखान्यात पोचला पाहिजे. लोक विंचवाला सापाइतकं घाबरत नाहीत, कांदा लावून बसतात, तोवर वेळ जातो.

भगताबद्दल, म्हणजे मंत्र-अंगारा करणाऱ्या गावातल्या मांत्रिकाबद्दल, विचारतातच सगळे. नवीन लोक एकतर भगताला शिव्या घालतात नाहीतर त्याच्यापासून लांब राहतात. आमच्याकडे कातकरी वाड्यांमध्ये रात्री पहिलं दार भगताचंच वाजतं, आशाताई पण तिथलीच, तिच्या घरी पण तेच. आम्ही एका भगताबाबांना मिटींगला बोलावलं. तासभर काही बोलले नाहीत. त्यांना मण्यार सापाची माहिती सांगितली, रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, खूण पण दिसत नाही, पहाटे पोट दुखतं आणि मग पापण्या जड होतात. ते एकदम म्हणाले हां, अशी माणसं माझ्या हातून गेलीत. मग त्यांनी पोलीस पाटलाकडच्या गाडीवाल्याचा नंबर मागितला. आजही अंगारा लावतातच, मी त्यात पडत नाही, पण गाडी येईपर्यंतच लावतात.

चुका पण सांगते. दुसऱ्या वर्षी आम्ही शाळांमध्ये जिवंत साप दाखवायचे कार्यक्रम ठेवले, गर्दी जबरदस्त व्हायची, डोनर खूश, फोटो झकास. पंधरा दिवसांनी एका सातवीतल्या पोराने शेतात काठीने साप उचलून मित्रांना "डेमो" दिला. नशीब बिनविषारी धामण होती. बाई-सरांनी मला फोनवर जे सुनावलं ते सगळं बरोबर होतं. वनरक्षक तर आधीपासून सांगत होता की वन्यजीव कायदा 1972 चा आहे आणि असे साप हाताळत फिरणं परवानगीशिवाय चालत नाही, आम्ही ते कागदी अडचण समजून सोडून दिलं होतं. ते शो बंद केले. आता फक्त मोठे फोटो असतात आणि चार विषारी सापांवर भर, नाग, मण्यार, घोणस, फुरसं. घोणशीला अजगराचं पिल्लू समजून उचलणारे लोक दरवर्षी भेटतात, त्यामुळे ते दोन फोटो शेजारी शेजारी लावतो.

वेळापत्रकाचं पण ऐका. भातलावणीत मिटींग लावली तर कोणी येणार नाही आणि आलं तर तुमच्यावर उपकार म्हणून येईल. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परत येतात, म्हणजे वाडीवर जानेवारीत गेलात तर म्हातारी माणसं आणि कोंबड्या भेटतील. भट्टीवर जा, संध्याकाळी. खरं काम मे अखेर आणि जूनमध्ये, पण सीएसआरचा पैसा नवीन आर्थिक वर्षाची मंजुरी होऊन हातात येईपर्यंत जुलै उजाडतो, तोवर लावणी सुरू. हे कंपनीच्या माणसाला समजवायला मला तीन वर्षं लागली. आता पोस्टर, टॉर्च, मच्छरदाण्या यांची खरेदी फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकतो. मच्छरदाणी नीट खोचून झोपलं तर मण्यारपासून बचाव होतो आणि मलेरियावाले पण खूश, त्यामुळे तो खर्च दोन विभागांत वाटून घेता आला. शिवाय गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती म्हणून एक असते, तिच्याकडे थोडा निधी असतो आणि बऱ्याच ठिकाणी तो कशावर खर्च करायचा हे कोणालाच सुचत नसतं. ग्रामसेवक आणि आशाताईंना विचारा, लाजू नका.

पत्रं लिहायला शिका. हसू नका, हे फार मोठं कौशल्य आहे. गटशिक्षणाधिकारी, बीडीओ (गटविकास अधिकारी), टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी), आरएफओ (वनक्षेत्रपाल), प्रत्येकाला वेगळं पत्र, विषय एका ओळीत, आवकचा शिक्का मारून आपली प्रत परत घ्यायची. बदली झाली की नवीन साहेब पहिल्यापासून सुरुवात करतात आणि तेव्हा तो शिक्काच कामाला येतो. माझ्या सहा वर्षांत तालुक्यात चार टीएचओ झाले. एमओयूवर (सामंजस्य करारावर) सह्या वगैरे ठीक आहे पण काम चालतं ते खालच्या लोकांवर, गटप्रवर्तक, केंद्रप्रमुख, वनरक्षक, पोलीस पाटील. हे बदलत नाहीत पटकन. त्यांच्या घरच्या लग्नाला जा.

रिपोर्टिंगमध्ये डोनर विचारणार किती लोकांना माहिती दिली. सभेला बसलेली डोकी मोजून आकडा देता येतो, आणि तो दिलाच पाहिजे कारण पगार त्यातूनच होतो. पण स्वतःसाठी एक रजिस्टर ठेवा: कधी चावलं, आधी कुठे नेलं, दवाखान्यात कधी पोचले. आम्ही तिसऱ्या वर्षी सुरू केलं आणि पहिल्यापासून का नाही केलं याचा पश्चात्ताप होतो. दोन गावं एकाच रस्त्यावर, सभा दोन्हीकडे सारख्याच, पण एका गावातले लोक फार उशिरा पोचतात असं त्यात दिसलं, चौकशी केली तर तिथला गाडीवाला मुंबईला गेलेला आणि पाटलाकडच्या यादीत त्याचाच नंबर.

पगाराचं, मला सुरुवातीला 14 हजार मिळायचे आणि खोलीभाडं, पेट्रोल वेगळं. आता बरं आहे, पण घरचं कर्ज फेडायचं असेल तर आधी विचार करा. कोर्सचं म्हणाल तर सेंट जॉन अँब्युलन्सचा प्रथमोपचार कोर्स करून घ्या, आणि जिल्ह्यात आपदा मित्रचं, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचं प्रशिक्षण निघालं तर नाव द्या, ते बारा दिवसांचं असतं. कॉलेजात एनएसएस केलं असेल तर मुलाखतीत नक्की सांगा, सात दिवसांच्या शिबिरात शाळेच्या वर्गात झोपलेला माणूस वाडीवर टिकतो. आणि एक, तुम्ही डॉक्टर नाही. पेशंटचे नातेवाईक तुम्हालाच विचारतील कुठलं इंजेक्शन, किती बाटल्या, मुंबईला हलवू का. एमओंना फोन लावून द्यायचा, बास.

मुलाखतीला गेलात की तुम्ही पण त्यांना प्रश्न विचारा, रात्री केस आली तर तुमच्या संस्थेत फोन कोण उचलतं म्हणून. एका ठिकाणी मला सांगितलं होतं, मेल करा, सोमवारी बघतो. तिथे मी गेले नाही.

जूनमध्ये येणार असाल तर गमबूट पुण्या-मुंबईहून आणू नका, तालुक्याच्या बाजारात स्वस्त मिळतात आणि मापाचे मिळतात. घालायच्या आधी उलटे करून झटका.