मोरचुदातही टिकणाऱ्या चाकूसाठी नाशिकमध्ये पोलाद कसं घ्यावं

द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याची फवारणी) सुरू झालं की साध्या पोलादाच्या कलम-चाकूचे हाल होतात. मोरचुदाच्या पाण्यात लोखंड विरघळतं, त्याच्या जागी तांब्याचा लालसर थर बसतो आणि धारेवर बारीक खड्डे पडतात. वर द्राक्षाच्या रसातलं आम्ल असतंच. पण दुकानात जाऊन नुसतं ‘एसएसची (स्टेनलेस स्टीलची) पट्टी द्या’ म्हटलं, तर मिळणारी पट्टी बहुधा चाकूच्या कामाची नसते.

कारण सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींकडे एसएस म्हणजे सहसा 304 ग्रेड. त्यात सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. टाकीला, पाइपला उत्तम. कार्बन मात्र 0.08 टक्क्यांच्या आत आणि निकेलमुळे पोलादाची रचना बदलत नाही, म्हणून कितीही तापवून विझवलं तरी ते कडक होत नाही आणि धार लगेच वळते. त्याला चुंबक चिकटत नाही, एवढी ओळख पुरते. पण चुंबक चिकटला म्हणून पट्टी घेऊ नका. 430 या दुसऱ्या स्टेनलेस ग्रेडला चुंबक चिकटतो, तरी तेही कडक होत नाही.

याहून फसवं आहे एचसीएचसीआर (हाय कार्बन हाय क्रोमियम), म्हणजे सहसा डी2. डाय (साचे) बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये याचे तुकडे सहज मिळतात आणि 12 टक्के क्रोमियम ऐकून ते स्टेनलेस वाटतं. पण त्यात कार्बन दीड टक्का आहे. हा कार्बन क्रोमियमला धरून कठीण कार्बाइडचे कण बनवतो. गंज अडवणारा पातळ थर तयार होतो तो पोलादात विरघळलेल्या, मोकळ्या क्रोमियमपासून. कार्बाइडमध्ये अडकलेलं क्रोमियम तिथे उपयोगी पडत नाही. म्हणून डी2 ला धार छान राहते, पण डाग पडतात. 440सी या स्टेनलेस ग्रेडचं गणितही असंच चकवतं. क्रोमियम 16 ते 18 टक्के असलं तरी कार्बन एक टक्क्याच्या आसपास, त्यामुळे 14 टक्के क्रोमियमवालं 14सी28एन हे चाकूचं पोलाद गंजाला त्याच्याहून चांगलं तोंड देतं. बेअरिंगचं ईएन31 आणि भंगारातली करवतीची पाती या कामासाठी सोडूनच द्या.

मागायचं काय? सोपा आणि स्वस्त पर्याय 420, पण कार्बन 0.3 टक्क्यांच्या वर असलेलाच. त्याच्या वर 1.4116, म्हणजे अर्धा टक्का कार्बन, 14 ते 15 टक्के क्रोमियम आणि थोडं मॉलिब्डेनम. स्वयंपाकघरातले जर्मन चाकू बहुतेक याचेच. आमची पसंती 14सी28एन ला: कार्बन 0.62, क्रोमियम 14, नायट्रोजन 0.11 टक्के. नायट्रोजन कडकपणाही देतो आणि गंजही रोखतो. सतत मिठाच्या पाण्यात राहणाऱ्या चाकूसाठी एलसी200एन हे पोलाद आहे, पण बागेच्या कामाला तेवढ्या खर्चाची गरज नाही. जाडी 2 ते 2.5 मिमी पुरे.

420 साठी मुंबईची किका स्ट्रीट किंवा कळंबोलीच्या व्यापाऱ्यांकडे चौकशी करा. 14सी28एन सहसा चाकू-साहित्य विकणाऱ्यांकडून किंवा आयात करून घ्यावं लागतं. चार-पाच जणांनी मिळून मागवलं तर वाहतूक परवडते. प्रत्येक वेळी मिलचा टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर (पोलादाच्या त्या ओतणीचा क्रमांक) पट्टीवरच्या नंबराशी ताडून पाहा. शंका असेल तर 30 × 30 मिमीचा तुकडा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोला, म्हणजे घटकांच्या तपासणीला द्या. हातातल्या एक्स-रे गनवर भागवू नका. ती कार्बन मोजत नाही आणि इथे सगळा प्रश्न कार्बनचाच आहे. घरच्या घरी मोरचुदाचा थेंब टाकून ईएन31 सारखं साधं पोलाद लगेच ओळखता येतं, कारण ते लाल होतं. मात्र 13 टक्के क्रोमियमवालंही कधी थोडं लालसर दिसतं, म्हणून थेंबावरून ग्रेड ठरवू नका.

चांगलं पोलाद सर्वांत जास्त बिघडतं ते भट्टीत. व्हॅक्यूम हार्डनिंगवाल्याला (निर्वात भट्टीत पोलाद कडक करून देणाऱ्याला) कागदावर लिहून द्या: 14सी28एन, 1050 ते 1080 अंश सेल्सियस, वेगाने थंड करणे, टेम्परिंग (नंतर पुन्हा हलकं तापवणं) 175 ते 200 अंश, कडकपणा 58 एचआरसीच्या (रॉकवेल मापाच्या) आसपास. लिहून दिलं नाही तर तुमची पाती डायच्या लॉटबरोबर 500 अंशांवर टेम्पर होऊ शकतात. त्या तापमानाला क्रोमियम पुन्हा कार्बाइडमध्ये जातं, कडकपणा कागदावर बरा दिसतो आणि पातं गंजू लागतं. आधीचं 1050 अंशांचं तापमान कमी पडलं तरी कार्बाइड विरघळत नाही आणि परिणाम तोच. धारेकडची कड भट्टीआधी अर्धा मिमी ठेवा, त्याहून पातळ केली तर वाकते.

नंतर घासताना पाणी वापरा. पिवळा किंवा निळा रंग आला तर तेवढा थर घासून काढा. साध्या लोखंडावर चाललेला घासायचा बेल्ट स्टेनलेसला लावू नका. लोखंडाचे कण रुतून बसतात आणि दोष पोलादावर येतो. निदान 400 नंबरच्या बारीक घासकागदापर्यंत घासा, कारण खरबरीत ओरखड्यांत पाणी टिकतं.

शेवटी लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम मीठ घालून भिजवलेला टिश्यू पात्यावर 24 तास ठेवा आणि तो सुकू देऊ नका. गंजाचे ठिपके पात्यावर सगळीकडे आले तर आधी बेल्ट तपासा, मग हार्डनिंग. डाग फक्त मुठीच्या कडेला असतील तर तिथल्या फटीत पाणी अडकतंय. मूठ काढून इपॉक्सी लावून पुन्हा बसवा.