बोली लावणारा बॉट लिहायचाय? आधी बिनडोक बॉट लिहा

पायथन थोडंफार येतं, शेअर मार्केटची आवड आहे, आता ट्रेडिंग बॉट, म्हणजे आपोआप ऑर्डर टाकणारा प्रोग्राम, लिहायचाय असं म्हणणारे खूप जण भेटतात आणि त्यातले बहुतेक सुरुवात थेट ब्रोकरच्या एपीआयपासून (प्रोग्राममधून ऑर्डर पाठवायची सोय) करतात, मूव्हिंग अ‍ॅव्हरेज म्हणजे मागच्या भावांची सरासरी टाकली, बॅकटेस्टमध्ये म्हणजे जुन्या भावांवर चालवून नफा दिसला की लगेच खरे पैसे लावतात. कळकळीनं सांगतो, असं करू नका. आधी लॅपटॉपवर एक छोटा बाजार उभा करा, त्यात एकदम बिनडोक बॉट सोडा आणि तो किती कमावतो ते मोजा. आपण ज्याला बॉटची हुशारी समजतो त्यातलं बरंचसं काम बाजाराचे नियमच करत असतात, आणि हे स्वतःच्या स्क्रीनवर आकड्यांत दिसल्याशिवाय पटत नाही.

बाजार कुठला घ्यायचा? कंटिन्युअस डबल ऑक्शन. एनएसई, बीएसईवर दिवसभर जे चालतं ते हेच. लासलगावच्या कांदा लिलावात बोली व्यापारी लावतात, शेतकरी भाव पुकारत नाही, इथे मात्र विकणारा आणि घेणारा दोघंही कधीही भाव सांगू शकतात. सगळे भाव ऑर्डर बुकमध्ये बसतात, एका बाजूला बिड म्हणजे घेणाऱ्यांचे, दुसऱ्या बाजूला आस्क म्हणजे विकणाऱ्यांचे, चांगला भाव आधी आणि भाव सारखा असेल तर जो आधी आला तो आधी. नवीन ऑर्डर समोरच्या भावाला भिडली की सौदा होतो आणि तो होतो आधीपासून बुकमध्ये बसलेल्या ऑर्डरच्या भावाला. हा शेवटचा नियम नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे सगळं शून्यापासून लिहिता येतं पण पहिल्यांदा तरी तयार सिम्युलेटर, म्हणजे खोटा बाजार चालवणारा प्रोग्राम, घ्या. ब्रिस्टल विद्यापीठातले डेव्ह क्लिफ यांनी शिकवण्यासाठी बनवलेलं ब्रिस्टल स्टॉक एक्सचेंज गिटहबवर फुकट आहे, आणि हो, त्याचं छोटं नाव पण बीएसईच आहे, त्यामुळे सर्च करताना ब्रिस्टल शब्द टाका नाहीतर दलाल स्ट्रीटच समोर येईल. मुख्य फाइल पायथनची एकच आहे, वाचायला सोपी. प्रत्येक बॉट म्हणजे एक क्लास आणि त्यात दोन फंक्शन महत्त्वाची, गेटऑर्डर म्हणजे आत्ता काय भाव लावू आणि रिस्पॉन्ड म्हणजे बाजारात आत्ता जे झालं त्यातून काय शिकू. कोणत्या जातीचे किती बॉट सोडायचे ते फाइलच्या शेवटी लिहायचं.

आता मोजायचं कसं ते आधी ठरवा, बॉट नंतर. प्रत्येक बॉटला एक लिमिट प्राइस मिळते, घेणाऱ्याला याच्या वर द्यायचं नाही, विकणाऱ्याला याच्या खाली विकायचं नाही. समजा पाच घेणारे आहेत, लिमिट १२०, ११०, १००, ९०, ८० आणि पाच विकणारे, ६०, ७०, ८५, ९५, १०५. जोड्या लावा, १२० ला ६०, ११० ला ७०, १०० ला ८५, आणि चौथी जोडी जमत नाही कारण ९० वाला ९५ देणार नाही. जोडीचा फायदा म्हणजे दोघांच्या लिमिटमधला फरक, तेव्हा जास्तीत जास्त फायदा ६० अधिक ४० अधिक १५, एकूण ११५, आणि समतोल भाव, म्हणजे जिथे मागणी आणि पुरवठा सारखे होतात तो, ९० ते ९५ च्या मध्ये कुठेतरी. प्रत्यक्षात बॉटांनी मिळून जितका फायदा काढला त्याला ११५ नं भागा, ती तुमच्या बाजाराची एफिशियन्सी. हा आकडा अख्ख्या बाजाराचा आहे, एकेका बॉटचा नफा वेगळा लिहून ठेवायचा, दोन्ही एकच समजण्याची गल्लत भरपूर लोक करतात.

आता पहिला बॉट, झिरो इंटेलिजन्स. धनंजय गोडे आणि श्याम सुंदर या संशोधकांनी १९९३ साली हा प्रयोग मांडला. बॉटला काहीच कळत नाही, इतिहास आठवत नाही, नफा हवाय हे सुद्धा माहीत नाही, तो फक्त रँडम भाव बोलतो, अट एकच की स्वतःचं नुकसान होईल असा भाव बोलायचा नाही. म्हणजे लिमिट १०० असलेला घेणारा १ ते १०० मधला कुठलाही आकडा टाकणार. कोड तीन-चार ओळींचा. आणि त्यांच्या प्रयोगात अशा बॉटांच्या बाजाराची एफिशियन्सी सरासरी ९७ टक्क्यांच्या वर होती, माणसं बसवलेल्या बाजारांच्या तोडीस तोड! तीच अट काढून टाकली तर मात्र आकडे धडाधड खाली आले.

असं का होतं ते वरच्याच उदाहरणात बघा. समजा रँडममुळे गोंधळ झाला आणि ९० वाला घुसला, त्यानं ७० वाल्याकडून घेतलं, १२० वाल्यानं ८५ वाल्याकडून, १०० वाल्यानं ६० वाल्याकडून. ११० वाला बिचारा बाहेर राहिला. पण बाजार अजून उघडा आहे, ९५ वाला विकायला बसलाय, दोघांची गाठ पडते आणि सौदा होतो. एकूण फायदा मोजा, ११०. म्हणजे इतका घोळ होऊनही ११५ पैकी फक्त ५ गेले, एफिशियन्सी जवळपास ९६ टक्के. जो राहून जातो त्याला पुन्हा संधी देणारा नियम आणि नुकसानीत सौदा न करण्याची अट, या दोघांनी मिळून काम केलं, बॉटनं काहीच केलं नाही. हे एकदा स्वतः चालवून बघाच, मला आजही हा निकाल या विषयातला सगळ्यात सुंदर निकाल वाटतो.

मग हुशार बॉट कशाला? कारण एफिशियन्सी चांगली असली तरी फायदा कोणाच्या खिशात गेला हा प्रश्न उरतोच, आणि रँडम बॉटांच्या बाजारात भाव पण खूप उड्या मारतो. पुढचे बॉट या दोन गोष्टींसाठी आहेत. ब्रिस्टलच्या फाइलमध्ये गिव्हअवे आहे जो सरळ आपली लिमिटच भाव म्हणून सांगतो. ऐकायला मूर्खपणा वाटतो पण सौदा आधी बसलेल्या भावाला होतो ना, त्यामुळे समोर चांगला भाव असेल तर त्यालाही नफा होतो. शेव्हर आहे, तो सगळ्यात चांगल्या भावापेक्षा फक्त एक पैशानं सरस भाव लावत राहतो. आणि स्नायपर, जो बराच वेळ गप्प बसतो आणि वेळ संपत आली की पुढे सरसावतो.

या स्नायपरची मूळ कल्पना टॉड कॅप्लन यांची. अमेरिकेत सांता फे इन्स्टिट्यूटनं १९९० मध्ये डबल ऑक्शनची स्पर्धा घेतली, ३० प्रोग्राम होते, त्यात मोठमोठी गणितं करणारे पण होते आणि जिंकला कॅप्लनचा साधा प्रोग्राम, दुसऱ्यांना घासाघीस करू दे, भाव जवळ आले की झडप घालायची. पण बाजारात सगळेच बॉट कॅप्लनसारखे उतरवले तर काय होतं ते करून बघा. सगळे एकमेकांची वाट बघत बसतात, भाव कोणी बोलतच नाही आणि बाजार ढेपाळतो. नियमांचा हात इथे पण आहे. ईबेवर ठरलेल्या मिनिटाला लिलाव संपायचा म्हणून शेवटच्या सेकंदाला बोली टाकणारे प्रोग्राम फोफावले, तर अ‍ॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावात उशिरा बोली आली की वेळ १० मिनिटं पुढे सरकायची, तिथे शेवटच्या क्षणाच्या बोली खूप कमी होत्या.

यानंतर झिप नावाचा बॉट लिहा, क्लिफ यांचाच १९९७ चा. हा शिकतो, पण थोडंच. प्रत्येक बॉटकडे एक मार्जिन असतं, म्हणजे लिमिटपासून किती फायदा राखून भाव बोलायचा ते. समजा घेणाऱ्याची लिमिट १०० आणि मार्जिन २० टक्के, म्हणजे बोली ८०. बाजारात सौदा ९० ला झालेला दिसला, म्हणजे आपण मागे पडतोय, मग फरक १० आणि शिकण्याचा वेग ०.३ धरला तर ३ नं वर या, पुढची बोली ८३. उलट सौदा ७० ला झाला तर आपण उगाच जास्त द्यायला तयार आहोत, मार्जिन वाढवा. मूळ रीतीत थोडा रँडमपणा आणि मागच्या बदलाचा जोर पण धरतात, ते नंतर घाला, आधी एवढंच नीट चालू दे. वेग फार ठेवला तर बॉट प्रत्येक सौद्यामागे धावतो, फार कमी ठेवला तर दिवस संपेपर्यंत भावापर्यंत पोचतच नाही, ०.१ ते ०.५ मध्ये फिरवून बघा. २००१ मध्ये आयबीएमच्या राजर्षी दास आणि सहकाऱ्यांनी खऱ्या माणसांसमोर झिप आणि अजून एका पद्धतीचे बॉट बसवले आणि बॉटांनी माणसांपेक्षा जास्त कमावलं.

तुमचा स्वतःचा बॉट तपासताना मात्र प्रामाणिक राहा. तुमच्या बॉटला १२० ची लिमिट आणि समोरच्याला ९० ची मिळाली तर तो जिंकणारच, त्यात काय कौतुक. म्हणून जोडीनं बसवा, प्रत्येक लिमिट दोन्ही जातींच्या एकेका बॉटला. मग एकटा तुमचा आणि बाकी सगळे दुसरे, आणि मग सगळे तुमचेच, असं तिन्ही पद्धतीनं चालवा, स्नायपरसारखं काही असेल तर तिसऱ्यात उघडं पडतं. दोन-चार रनवर काही ठरवू नका, रँडम सीड (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) बदलून शेकडो रन घ्या, नुसती सरासरी बघू नका, पसारा, म्हणजे निकाल एकमेकांपासून किती लांब आहेत, तो पण बघा. मध्येच मागणी-पुरवठा बदलून भाव अचानक हलवा. आणि दरवेळी शेजारी झिरो इंटेलिजन्स ठेवाच. त्यापेक्षा जास्त कमवत नसेल तर तुमच्या चारशे ओळी कशासाठी आहेत ते स्वतःला विचारा.

खऱ्या बाजारात जायचंच असेल तर सिम्युलेटरमध्ये नसलेल्या गोष्टी आधी धरा, ऑर्डर पोचायला लागणारा वेळ, ब्रोकरेज, एसटीटी म्हणजे सौद्यावरचा कर, अर्धवट भरलेल्या ऑर्डर. खऱ्या बाजारात लिमिट पण कोणी हातात देत नाही, ती तुम्हालाच ठरवावी लागते आणि अवघड काम तेच आहे. सेबीनं ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकात छोट्या गुंतवणूकदारांच्या अल्गोसाठी, म्हणजे अशा बॉटांसाठी, नियम घालून दिलेत, स्टॅटिक आयपी म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता लागतो, सेकंदाला ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त ऑर्डर टाकायच्या असतील तर ब्रोकरमार्फत एक्सचेंजकडे अल्गो नोंदवावा लागतो, आणि स्वतः लिहिलेला अल्गो स्वतःसाठी आणि जवळच्या कुटुंबासाठीच वापरता येतो, मित्रांना वाटायचा नाही.

आणि बंद करायचं बटण बॉटच्या आधी लिहा. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेत नाइट कॅपिटल या ट्रेडिंग कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर जुना कोड राहून गेला, तो जागा झाला आणि साधारण ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरच्या वर गेले. तुमचं बटण बॉटच्या कोडपासून वेगळ्या प्रोग्राममध्ये ठेवा, दिवसाचा जास्तीत जास्त तोटा, मिनिटाला जास्तीत जास्त ऑर्डर आणि एकूण पोझिशन (हातात किती शेअर आहेत ते) या तीन मर्यादा त्यात घाला, त्यातली एक जरी ओलांडली तर सगळ्या पेंडिंग ऑर्डर रद्द आणि बॉट बंद, आणि तो पुन्हा सुरू करायचा फक्त हातानं, लॉग वाचून झाल्यावर.