कोयता निघण्याआधी पैसे पोचले पाहिजेत

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत मी 31 वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर आम्ही सहा शिक्षिकांनी पेन्शनमधून पैसे बाजूला काढून ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी निधी सुरू केला. आज 23 मुलं आहेत. आपल्याही गावात असं काही करावं म्हणून लोक फोन करतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "बाई, एका मुलाची फी किती येते?"

फीसाठी मूल अडत नाही. झेडपीच्या शाळेत आठवीपर्यंत शिक्षण मोफत, पुस्तकं मोफत, दुपारचं जेवण शाळेत. आमच्याकडे मूल शाळेतून जातं ते दसरा-दिवाळीच्या सुमारास, आईबापांबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून. नवराबायकोच्या जोडीला इथे एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेली उचल फेडायला सांगली, कोल्हापूर नाहीतर बेळगावकडच्या कारखान्यावर पाच-सहा महिने. मागे आजी असेल आणि तिच्या डब्यात पीठ असेल तर लेकरू गावात राहतं. नसेल तर तेही कोपीवर, म्हणजे तिकडच्या झोपडीवर जातं, धाकट्याला सांभाळतं, आणि परत येतं तोवर वर्ग फार पुढे गेलेला असतो.

पहिल्या वर्षी आम्ही चुकलो. जूनमध्ये दप्तरं, गणवेश, वह्या वाटल्या आणि सगळा पैसा तिथेच संपला. दिवाळीनंतर आमच्या यादीतल्या दोन मुली ट्रॉलीत बसून गेल्या. नवीन दप्तरं घरात खुंटीला होती. त्या वर्षापासून आमचा हिशेब नोव्हेंबर ते एप्रिल असा चालतो.

यादी ऑगस्टमध्ये करा. मुख्याध्यापकांना भेटून मागच्या दोन वर्षांची हजेरी बघायला मागा आणि नोव्हेंबर ते मार्चची पानं उघडा. कोणाच्या नावापुढे सलग गैरहजेरी आहे, ते तिथेच कळतं. मग संध्याकाळी घरी जा, दिवसा कोणी भेटत नाही. आजीला विचारा: स्वयंपाक तुम्हाला होतो का, पाणी कुठून आणता, रात्री दुखलंखुपलं तर शेजारी कोण येतं? आजीचं गुडघ्याचं दुखणं पाहून मी तीन मुलांची सोय तिच्याऐवजी मावशीकडे केली होती. मुलालाही एकट्याला विचारा. आईशिवाय राहायला नववीतला मुलगासुद्धा घाबरतो, आणि ते तो सगळ्यांसमोर बोलत नाही.

निधीचा पैसा काढण्याआधी सरकारचं जे मिळतं ते मिळवून द्या. यात वेळ जातो, पण इथेच सगळ्यात जास्त पैसा वाचतो. शाळेत हंगामी वसतिगृहाची सोय होऊ शकते, त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय वेळेवर मांडायला लावा. 2021 पासून ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. तिथे जागा मिळाली तर राहण्याजेवण्याची काळजी मिटते. वडील किंवा आई नसलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेत महिन्याला 2,250 रुपये आहेत. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. आणि आठवीतल्या प्रत्येक हुशार मुलाला एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवा. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल निवड यादीत आलं, तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. आमच्या एका निवृत्त गणिताच्या बाई दर रविवारी त्याचीच तयारी घेतात. पैशाइतकीच ही देणगी मी मोलाची मानते.

याला उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं लागतं. आईबाप गावात असतात तो सप्टेंबरच हे करायचा महिना. एकदा ऊसतोड मजुरांची टोळी निघाली की सहीला माणूस सापडत नाही.

एवढं करून जे उरतं, तिथे निधी लावा. माझ्या मते तो नववी ते बारावीला लागावा. आठवीनंतर मोफत शिक्षणाच्या कायद्याचं छत्र संपतं, शाळेतलं जेवण बंद होतं, शाळा पाच-सात किलोमीटर लांब जाते आणि घरात मुलीच्या लग्नाचा विषय निघतो. चौथीतल्या चाळीस मुलांना वह्या वाटण्यापेक्षा नववीतल्या पाच मुली दहावीच्या परीक्षेला बसवणं मला जास्त गरजेचं वाटतं. बोर्डाचे फॉर्मही नेमके दिवाळीच्या आसपास भरले जातात, तेव्हा परीक्षा फी वेगळी काढून ठेवा.

आमचं गणित असं आहे: आजीच्या किंवा मावशीच्या खात्यावर दरमहा 1,200 रुपये, सहा महिन्यांचे 7,200. वह्या, चपला, परीक्षा फी, मुलग्यांच्या एसटी पासचे पैसे मिळून 1,800. एका मुलामागे 9,000, म्हणजे 23 मुलांचे 2,07,000. पहिला हप्ता टोळी निघण्याच्या आठवडाभर आधी जमा झालाच पाहिजे, कारण मूल न्यायचं की ठेवायचं हे घरात त्याच आठवड्यात ठरतं. सगळी रक्कम एकदम देऊ नका. घरावर उचलीचं ओझं असतं, आजारपण असतं. हातात आलेला पैसा तिकडे जातो आणि त्यात त्या आईबापाचा दोष नसतो.

पहिली दोन वर्षं आम्ही बाहेरच्या कोणाकडून एक रुपयाही घेतला नाही, सहाजणी आपल्याच खात्यांतून थेट पाठवत होतो. लोकांकडून वर्गणी घ्यायची ठरली तेव्हा बीडच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात संस्था नोंदवली. नोंदणीशिवाय पावतीपुस्तक छापू नका. देणगीदाराला प्राप्तिकरात मिळणाऱ्या, 80जी नावाने ओळखल्या जाणाऱ्या सवलतीची मंजुरी वेगळी घ्यावी लागते, आणि 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही, म्हणून आम्ही देणगी बँकेतूनच घेतो. परदेशातून कोणी मदत देऊ केली तर आधी पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय नागरिकाने तिथल्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा विदेशी देणगीत धरत नाहीत. ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं, त्याची देणगी एफसीआरएच्या, म्हणजे विदेशी देणगी कायद्याच्या, परवान्याशिवाय घेता येत नाही, मग तो तुमच्याच गावचा का असेना.

देणगीदार मुलाचा फोटो मागतात. आम्ही देत नाही. चेक हातात धरून उभ्या केलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी वर्गात काय ऐकावं लागतं, ते मी पाहिलं आहे. त्याऐवजी दर तीन महिन्यांनी नाव न घालता हजेरीचे आकडे आणि खर्चाचा कागद पाठवतो. त्यावर समाधान न झालेले दोन देणगीदार सोडून गेले, तरी नियम बदलला नाही.

हंगामात महिन्यातून दोनदा घरी चक्कर हवीच. रविवारी संध्याकाळी आईला उसाच्या फडावर फोन लावून द्या. मूल तेवढ्यावर आठवडा काढतं. आमच्या खर्चात फोनच्या रिचार्जची रक्कम त्यासाठीच आहे. मार्चमध्ये एखादी मुलगी अचानक गप्प झाली किंवा घरात पाहुण्यांची ये-जा वाढली, तर वाट बघू नका. आधी आजीशी बोला, मग आईशी. लग्न ठरल्याचं कळलं आणि मुलगी अठराच्या आत असेल तर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा. मी दोनदा केला आहे. एका घराने वर्षभर माझ्याशी बोलणं सोडलं, पण ती मुलगी आता बारावीत आहे.

टोळ्या परतल्या की मे महिन्यात प्रत्येक घरी जाऊन बसा. वडील पुढच्या हंगामाची उचल घेण्याआधी हे व्हायला हवं. वही उघडून सहा महिन्यांत किती पैसे आले, लेकरू किती दिवस शाळेत गेलं, ते वाचून दाखवा आणि पुढच्या वर्षी ते गावातच राहणार का, ते विचारून त्याच पानावर लिहून घ्या. आमच्या वहीत त्याखाली आजीचा अंगठा आणि आईबापाची सही असते. शाळा उघडली की पहिल्या दिवशी ती वही घेऊन मी मुख्याध्यापकांकडे जाते आणि पटावरची नावं एकेक करून जुळवते.