रैयोलीला जाण्याआधी घरच्या सड्यावर जा

गुजरातच्या बालासिनोरजवळचं रैयोली, म्हणजे डायनासोरच्या अंड्यांचं गाव, मुलांना दाखवायचं ठरलं असेल तर आधी आपल्या रत्नागिरी-राजापूरकडच्या एखाद्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, त्यांना फिरवून आणा. जांभ्यातली गोल भोकं म्हणजे पावलं नव्हेत. आणि काळ्या कातळातला कांद्यासारखे पापुद्रे सुटणारा गोल धोंडा म्हणजे अंडं नव्हे, ती झीज आहे. आपला कातळ लाव्हाचा, जांभाही बहुतेक त्याचाच झिजून झालेला, त्यात हाडं टिकत नाहीत. रैयोलीचा खडक गाळाचा, म्हणून तिथे ती टिकली.

तिथे पोचल्यावर गोल आकारापेक्षा त्याची कड बघा. कवचाची जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची रेघ खडकापेक्षा वेगळी दिसते. सकाळच्या तिरप्या उन्हात ती छान उठून येते, म्हणून सकाळीच जा, तेही हिवाळ्यात. मे महिन्याच्या सुट्टीत तिथलं ऊन आपल्या लेकरांना झेपत नाही.

स्थानिक वाटाड्या जरूर घ्या. फोटोत शेजारी नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. कवचाचा तुकडाही उचलू नका, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. राजासॉरस या मांसाहारी डायनासोरची हाडं याच परिसरात मिळाली, त्याला नाव 2003 मध्ये मिळालं. त्यामुळे संग्रहालयासाठी वेळ राखून ठेवा.