डोंगरापलीकडच्या शहरात सायकलने जाताय? या चुका टाळा

दर महिन्याला कुणीतरी मला नकाशाचा स्क्रीनशॉट पाठवतं. एक जांभळी रेघ, खाली '११० किमी', आणि प्रश्न ठरलेला: "सहा तासांत होईल ना?" मी विचारतो, चढ किती आहे? तो त्यांनी पाहिलेलाच नसतो.

सपाटीवर किलोमीटर मोजून भागतं. मध्ये डोंगर असेल तर तास मोजावे लागतात. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ९० किलो धरा. एवढं वजन १००० मीटर वर न्यायला साधारण ८८० किलोज्यूल लागतात. नवखा माणूस दिवसभर पुरवून पुरवून १०० वॉटच्या आसपास ताकद लावतो. त्यातला कणन्‌कण फक्त उंचीवर खर्च झाला तरी अडीच तास लागतात, म्हणजे तासाला जेमतेम ४०० मीटर. माझा हिशोब सोपा आहे: सगळं अंतर १८ च्या वेगाने धरायचं आणि दर ४०० मीटर चढाला वर एक तास चढवायचा. ११० किलोमीटर आणि १८०० मीटर चढ असेल तर साडेदहा तास झाले. यात चढाचं अंतर दोनदा मोजलं जातं, हे मला कुणी समजावू नये. पंक्चर, चहा आणि रस्ता चुकणं त्यातच बसवायचं असतं.

सरासरी चढाच्या आकड्यावर तर विसंबूच नका. ८ किलोमीटरला ४०० मीटर, म्हणजे ५ टक्के, ऐकायला बरं वाटतं. पण त्यात मध्येच २ किलोमीटर ३ टक्क्यांचा उतार असेल, तर गमावलेले ६० मीटर पुन्हा चढावे लागतात आणि उरलेल्या ६ किलोमीटरना सरासरी पावणेआठ टक्के येतात. त्यातलाच एखादा किलोमीटर १२ टक्क्यांचा निघतो. पुढे ३४ आणि मागे ३४ दाते, असा बऱ्यापैकी हलका गिअर असला तरी १०० वॉटमध्ये तिथे पेडलच्या मिनिटाला २७ फेऱ्या पडतात. वेग साडेतीनच्याही खाली, माणूस चालतो त्याहून कमी. उतरून ढकलायचं, त्यात लाज कसली? लाज वाटायचीच असेल तर लहान कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) लावून घाटात आल्याची वाटू द्या.

चढाचा आलेखही डोळे मिटून मानू नका. अनेक अ‍ॅपमधली उंची फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून ११ दिवस केलेल्या रडार मोजणीवर बेतलेली असते. त्यात दर ३० मीटरच्या चौकोनाला साधारण एकच उंची असते, आणि कड्याच्या कुशीतला रस्ता त्याहून अरुंद. त्यामुळे शेजारच्या कड्याची उंची रस्त्याच्या नावावर चढते आणि सरळ रस्ताही करवतीसारखा दिसतो. बोगदा असेल तर आलेख खुशाल त्यावरच्या डोंगरावर चढून उतरतो. दोन अ‍ॅपच्या आकड्यांत ३०० मीटरचा फरक दिसला तर मी मोठा आकडा धरतो.

आता माझी स्वतःची चूक. एका खोऱ्यातून दुसऱ्यात उतरायचं होतं. जुना डांबरी रस्ता वळसा घालून जात होता आणि अ‍ॅप ९ किलोमीटर वाचवणारी वाट दाखवत होतं. ती शांत, झाडीतली आणि बाकी रस्त्याइतकीच जांभळी होती, म्हणून उपग्रहचित्र उघडायचा मी आळस केला. पहिले दोन किलोमीटर मजेत गेले. मग डांबर संपलं, मग खडी संपली, आणि उरले ते ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांतले धोंडे. सोबतचा मित्र दोनदा म्हणाला, "परत फिरू या." मी म्हणालो, "आता थोडंच राहिलंय." या वाक्याने जितके सायकलस्वार वाया घालवलेत तितके पावसाने घालवले नसतील. सहा किलोमीटर ढकलायला तीन तास लागले. शेवटी ओढा आला. नकाशावर तिथे पूल होता, जागेवर त्याचे दोन खांब होते. त्याच वाटेने परत फिरलो, अंधार पडला, आणि मित्र दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्याशी बोलला नाही.

वाट नकाशावर होती, हे खोटं नव्हतं. पण ओपनस्ट्रीटमॅपसारख्या, लोकांनीच भरलेल्या नकाशात तिचा पृष्ठभाग कुणी नोंदवलाच नसेल, तर रूट काढणारं सॉफ्टवेअर आपल्या मनाने काहीतरी गृहीत धरतं. तेव्हापासून डांबराची खात्री नसलेला प्रत्येक तुकडा मी उपग्रहचित्रात बोटाने सरकवत बघतो. झाडीने झाकला असेल तर हीटमॅपवर, म्हणजे इतर सायकलस्वार कुठून गेले ते दाखवणाऱ्या नकाशावर, तिथे रेघ आहे का ते पाहतो. रेघ नसेल तर त्याला कारण असतं. शोध लावायची हौस असेल तर रविवारी रिकाम्या हाताने जाऊन लावा, पॅनिअर (सायकलला बाजूला लटकवायच्या पिशव्या) लादून नको. आणि शॉर्टकट जितकं अंतर वाचवणार असेल त्याच्या निम्मं आत जाऊनही डांबर लागलं नाही, तर परत फिरायचं.

शांत रस्ता हवा म्हणून नकाशावरची सगळ्यात बारीक रेघ निवडणं ही याच चुकीची धाकटी बहीण. बारीक रस्त्याच्या टोकाला दगडखाण असली तर दिवसभर डंपर अंगावर येतात. उपग्रहचित्रात करड्या पांढऱ्या पायऱ्या दिसल्या की समजायचं. खरी शांतता बहुतेक वेळा जुन्या घाटरस्त्यावर मिळते. नवा महामार्ग किंवा बोगदा झाला की वाहनं तिकडे जातात आणि जुन्याचं डांबर मागे राहतं. मी आधी महामार्ग शोधतो आणि मग त्याच्या आजूबाजूला वळणं घेत जाणारा त्याचा म्हातारा भाऊ.

बाकीच्या चुका थोडक्यात. खिंडीत पाणी मिळेल असं धरू नका, पायथ्याशीच बाटल्या भरा. नकाशा आधी उतरवून ठेवा, दरीत रेंज जाते. दर २० ते २५ किलोमीटरला खाली मोठ्या रस्त्यावर उतरायची वाट शोधून ठेवा. सूर्यास्ताची वेळ सपाट क्षितिजाची असते, डोंगराआड ऊन त्याच्या बरंच आधी जातं. माथ्यावर दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश थंड होतं, आणि घामाने भिजलेल्या अंगाने उतारावर निघालं की ते दुप्पट वाटतं. जॅकेट सामानाच्या तळाशी नको, वरच ठेवा.

आणि ब्रेक पॅड निघायच्या आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधी बघा. नवे बसवले तर ते नीट पकड घेईपर्यंत दोन-चार फेऱ्या मारायला हव्यात, आणि त्या घाटाच्या पहिल्या उतारावर मारायच्या नसतात.