नाक ओढून विमान चढत नसतं

सोलापूरची पोरं मला पायलट ट्रेनिंगची फी विचारतात, मेडिकल विचारतात. माझा घाम काढला तो वेगळ्याच प्रश्नाने: चढताना वेग किती ठेवायचा?

ट्रेनिंग बाहेरगावी, सेस्ना १७२-एसवर. चौथ्या-पाचव्या फ्लाइटला विमान रेंगाळतंय असं वाटून मी योक, म्हणजे विमानाचं हँडल, ओढला. क्षणभर व्हीएसआयचा, म्हणजे चढीचा दर दाखवणारा, काटा उसळला. मग वेग साठ नॉटच्या खाली आला आणि तो काटाही बसला. सर एवढंच म्हणाले, "नाक खाली घे." वेग ७४ वर आला तसं विमान गुमान चढायला लागलं.

उतरल्यावर त्यांनी वहीत दोन रेषा काढल्या. एक इंजिनाकडून मिळणारी ताकद, दुसरी नुसतं सरळ उडायला लागणारी. दुसरी रेषा हळू वेगातही वर असते, फार वेगातही, मध्ये खोलगट. दोन्हींमधली शिल्लक जिथे सर्वांत मोठी, तो वेग व्ही-वाय, आमचा ७४ नॉट. चढायला मिळते ती फक्त ही शिल्लक. हिशेब करून बघा: समुद्रसपाटीला, ११५७ किलो वजनावर हे विमान मिनिटाला ७३० फूट चढतं. त्याला लागतात जेमतेम ५६ हॉर्सपॉवर, इंजिन मात्र १८० चं! बाकीची पंखा आणि हवा खातात.

मग ६२ नॉटचा व्ही-एक्स, म्हणजे कमीत कमी अंतरात जास्तीत जास्त उंची देणारा वेग, कशाला? सोलापूरकराला हे सांगायला नको. होटगी रोडच्या विमानतळाजवळची सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी आठवा, २०२३ मध्ये पाडली ती. समोर अडथळा असला की मिनिटाला किती फूट याला अर्थ नाही, तिथवर पोचेपर्यंत किती उंची मिळाली ते महत्त्वाचं. इथे शिल्लक ताकद नाही, शिल्लक थ्रस्ट, म्हणजे पंख्याचा पुढे ओढणारा जोर, बघायचा. अडथळा ओलांडला की लगेच ७४. हळू वेगात इंजिनाला गार हवाही कमी मिळते.

उंची वाढते तसा व्ही-वाय उतरतो, व्ही-एक्स चढतो, आणि जिथे दोघं भेटतात तिथे चढ शून्य. हे पाठ करू नका, रेषा काढा.

आपला विमानतळ साधारण १६०० फुटांवर. मेमध्ये ४० अंशाला तिथली हवा पाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ. सुट्टीत घरी आलात की इथल्या उंचीला आणि तापमानाला विमानाच्या हँडबुकच्या तक्त्यातून चढीचा दर काढा. माझा पहिल्यांदा चुकला होता. मी समुद्रसपाटीचीच ओळ वाचली होती.